निंबोळी अर्क : अळी लगेच मरत नाही, तरी पीक वाचतं

ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्या केज तालुक्यातल्या कोणत्याही गावात पारावर दोन माणसं भेटली की पहिलं बोलणं पावसाचं निघतं आणि दुसरं अळीचं. कापसाला बोंडअळी, सोयाबीनवर पानं खाणारी अळी, दिवाळीनंतर तुरीच्या शेंगेत अळी आणि थंडीत हरभऱ्याच्या घाट्यात अळी. आपल्या होस्टेलवर शेतकऱ्यांच्या घरची पोरं कमी नाहीत. घरून फोन आला की "फवारा मारला का?" हे आपण विचारतोच. पण फवाऱ्यातलं औषध अळीवर नेमकं काय करतं, हे विचारायचं मात्र राहून जातं.

या लेखात मी एकाच औषधाबद्दल लिहिणार आहे. ते कोणत्याही दुकानातून आणावं लागत नाही आणि त्याचं झाड आपल्या बांधावरच उभं असतं. ते म्हणजे कडुलिंबाच्या बियांचा अर्क. आमच्याकडे बोलताना 'लिंबोळी' म्हणतात, कृषी विद्यापीठाच्या पत्रकात 'निंबोळी' लिहितात. वस्तू एकच.

या अर्काबद्दल गावात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, निंबोळी अर्क म्हणजे रामबाण, बाकी सगळं विष फेकून द्या. दुसरा म्हणतो, नुसता कडू पाण्याचा उद्योग. आमचे अण्णा बरीच वर्षं दुसऱ्या पक्षात होते. त्यांचं म्हणणं साधं होतं : "सकाळी जाऊन बघितलं तर अळी जिवंत. मग कशाला मारायचं?" हा प्रश्न मला फार योग्य वाटतो. त्याचं उत्तर नीट समजून घेतलं तर अर्क केव्हा वापरावा, कसा करावा आणि कुठे त्याचा उपयोग नाही, हे तिन्ही कळतं.

१) आधी शत्रू ओळखा

अळी ही स्वतंत्र जात नाही. ती पतंगाचं पोर आहे. रात्री दिव्याभोवती फिरणारा मातकट रंगाचा पतंग पिकाचं एक पानही खात नाही. तो फक्त अंडी घालतो. नुकसान करते ती अंड्यातून निघालेली अळी.

आपल्या भागातली सगळ्यात मोठी चोर म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. ही एकच अळी, पण पिकाप्रमाणे तिला नावं वेगळी. कापसावर ती हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, हरभऱ्यावर घाटेअळी. म्हणजे कापूस संपला की तुरीवर, तूर संपली की हरभऱ्यावर, असा तिचा वर्षभराचा मुक्काम आपल्याच शिवारात.

तिचं चक्र असं :

अंडं – ३ ते ४ दिवस. खसखशीच्या दाण्याएवढं, पिवळसर. पतंग ती एकेक करून कोवळ्या शेंड्यावर, कळीवर, फुलावर घालतो. एक मादी काही शे अंडी सहज घालते.

अळी – साधारण १४ ते २० दिवस. या काळात ती पाच-सहा वेळा कात टाकते. सुरुवातीला दोऱ्याएवढी असते, शेवटी साडेतीन-चार सेंटिमीटर होते.

कोष – जमिनीत, १० ते १४ दिवस. नंतर पुन्हा पतंग.

म्हणजे सगळा फेरा महिना-सव्वा महिन्याचा. यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. अळी तिच्या आयुष्यात जेवढं खाते त्यातलं बहुतेक शेवटच्या दोन अवस्थांत खाते. लहान असताना तिचं खाणं नगण्य असतं. म्हणून अळी डोळ्यांना सहज दिसायला लागते तेव्हा खरं तर उशीर झालेला असतो.

२) झाडं स्वतःचं रक्षण करतात

झाडाला पाय नाहीत, पळता येत नाही. म्हणून ते रसायनं तयार करतं. गावाकडच्या मुलांना हरभऱ्याची आंब माहीत असेल. थंडीत पहाटे हरभऱ्याच्या पिकावरून स्वच्छ फडकं फिरवतात, दवात ते आंबट होतं, मग पिळून आंब साठवतात. पोटदुखीला घरात तीच देतात. हा आंबटपणा म्हणजे पानावरच्या बारीक केसांतून पाझरणारी मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं. हरभऱ्याने ती आपल्या पोटदुखीसाठी केलेली नाहीत. त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे घाटेअळीची वाढ खुंटते, असं अभ्यासात दिसलं आहे.

कडुलिंबाचंही तसंच. आजी ज्वारीच्या कणगीत लिंबाचा पाला घालायची ती याच अनुभवातून. शास्त्राच्या बाजूने याची नोंद टोळधाडीमुळे झाली. १९५९ मध्ये सुदानात टोळधाड आली तेव्हा हाइनरिख श्मुटेरर या जर्मन शास्त्रज्ञाने पाहिलं की आजूबाजूची सगळी हिरवळ टोळांनी फस्त केली, पण कडुलिंबाची झाडं तशीच उभी राहिली. १९६२ मध्ये दिल्लीवर टोळ आले, तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेतले डॉ. एस. प्रधान यांनी निंबोळीच्या गराचं पाणी उभ्या पिकावर फवारून दाखवलं. टोळ पिकावर बसले, पण त्यांनी ते खाल्लं नाही.

१९६८ मध्ये बियांतून मुख्य रसायन वेगळं काढण्यात आलं. त्याचं नाव ॲझाडिरॅक्टिन. एका रेणूत ३५ कार्बन, ४४ हायड्रोजन आणि १६ ऑक्सिजनचे अणू. हा रेणू एवढा गुंतागुंतीचा आहे की केंब्रिज विद्यापीठातल्या स्टीव्हन ले यांच्या गटाला तो प्रयोगशाळेत तयार करायला २२ वर्षं लागली. २००७ मध्ये जमलं, तेही ७१ पायऱ्यांनी आणि नगण्य उताऱ्याने. कारखान्यात हे परवडणं शक्य नाही. आमच्या बांधावरचं झाड तेच काम दर उन्हाळ्यात पाणी न मागता करतं.

३) अळी लगेच का मरत नाही?

आता अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर. सायपरमेथ्रिन किंवा क्लोरपायरीफॉससारखं रासायनिक औषध अळीच्या मज्जासंस्थेवर घाव घालतं. अळी थरथरते, वाकडी होते, काही तासांत खाली पडते. शेतकऱ्याला निकाल डोळ्यांनी दिसतो. ॲझाडिरॅक्टिनचं काम वेगळं आहे. ते तीन ठिकाणी अडवतं.

पहिलं, खाण्यावर. अळीच्या तोंडाजवळ चव ओळखणाऱ्या पेशी असतात. या रसायनाने त्या पेशी 'खाऊ नको' असा इशारा देतात. अळी पानावर बसून राहते, पण खात नाही किंवा फार थोडं खाते.

दुसरं, कात टाकण्यावर. अळीला वाढायचं तर जुनी कातडी टाकावी लागते. त्यासाठी तिच्या शरीरात एकडायसोन नावाचं संप्रेरक योग्य वेळी वाढावं लागतं. ॲझाडिरॅक्टिन ही वेळच बिघडवतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सिग्नलच पोचत नाही. अळी अर्धवट कात टाकून अडकते, किंवा कोषापर्यंत पोचून तिथेच संपते. याला चार-पाच दिवस, कधी आठवडाही लागतो.

तिसरं, अंडी घालण्यावर. फवारलेल्या झाडावर पतंग अंडी घालायला कचरतो.

आता बघा, फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी अळी जिवंतच दिसणार. पण जिवंत अळी आणि खाणारी अळी यांत फरक आहे. म्हणून अर्काचा निकाल मेलेल्या अळ्या मोजून लावायचा नाही. नवं खाल्लेलं पान, नवं पोखरलेलं पातं किती, हे आठ दिवसांनी मोजायचं. मोजण्याची पद्धत चुकली की चांगलं औषधही नापास होतं. लॅबमध्ये चुकीचं मीटर लावून रीडिंग घेतल्यासारखंच हे.

यातूनच दुसरा नियम निघतो. ज्या अळीला अजून तीन-चार वेळा कात टाकायची आहे तिच्यावर हे औषध चालतं. जी पूर्ण वाढलेली आहे, दोन दिवसांत जमिनीत जाणार आहे, तिच्यावर अर्काचा जोर चालत नाही. म्हणून निंबोळी अर्क अंडी आणि पहिल्या-दुसऱ्या अवस्थेच्या वेळेसच मारायचा.

ही वेळ कळायची कशी? त्यासाठी कामगंध सापळे आहेत. त्यात मादीच्या वासाची गोळी असते, नर पतंग येऊन अडकतात. हेक्टरी ५ सापळे लावून रोज सकाळी पतंग मोजायचे. घाटेअळीचे ८ ते १० पतंग एका सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आले की समजायचं, अंडी पडायला लागली. त्या आठवड्यात फवारा.

४) अर्क कसा करायचा?

कृषी विद्यापीठांची शिफारस ५ टक्के अर्काची आहे. १०० लिटरची कृती देतो.

बी गोळा करणं : आपल्याकडे मे अखेर ते जुलै निंबोळ्या पिकून पडतात. पिवळ्या, पिकलेल्या निंबोळ्या रोजच्या रोज वेचायच्या. गर पाण्यात चोळून काढायचा. बी आधी थोडा वेळ उन्हात, मग सावलीत पातळ पसरून वाळवायचं. गोणपाटात किंवा टोपलीत, हवा लागेल असं ठेवायचं. प्लास्टिकच्या पिशवीत ओलं बी बांधून ठेवलं की बुरशी येते. ॲस्परजिलस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. म्हणून काळं पडलेलं, बुरसटलेलं बी सरळ टाकून द्यायचं. एक हंगाम जुनं बी चालतं, दोन वर्षांचं नाही.

भिजवणं : ५ किलो वाळलेलं बी उखळात किंवा पल्व्हरायझरमध्ये भरड करायचं. पिठाच्या गिरणीत कोणी दळून देणार नाही, कारण नंतर आठ दिवस भाकरी कडू लागेल. भरड कापडात सैल बांधून ९ लिटर पाण्यात रात्रभर, साधारण १२ तास भिजवायची.

गाळणं : सकाळी पोटली पिळून पिळून पांढरट दुधासारखं पाणी काढायचं आणि दुहेरी फडक्यातून गाळायचं. गाळण्यात आळस केला की पंपाचं नोझल तुंबतं आणि सगळा राग अर्कावर निघतो.

साबण : १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणचुरा वेगळा विरघळवून अर्कात मिसळायचा. नंतर साधं पाणी घालून एकूण १०० लिटर करायचं. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला दीड लिटर घट्ट अर्क आणि बाकी पाणी.

साबण कशाला, हे आपल्याला सांगायला नको. कपाशीच्या पानावर लव असते, साधं पाणी थेंब होऊन घरंगळतं. साबणाने पृष्ठताण कमी होतो, थेंब पसरतो, आणि बियांतलं तेल पाण्यात एकजीव राहतं.

केव्हा मारायचं : संध्याकाळी ४ नंतर. ॲझाडिरॅक्टिनला ऊन सोसत नाही. अतिनील किरणांनी ते पानावर एक-दोन दिवसांत निम्म्यावर येतं. सकाळी ९ ला मारलं तर अळीला मिळायच्या आधी उन्हालाच मिळतं. केलेला अर्क त्याच दिवशी संपवायचा. गरज असेल तर आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी. अर्क उकळायचा नाही, उष्णतेनेही तो खराब होतो.

पाणी : ही गोष्ट गावात फारशी कोणी सांगत नाही. ॲझाडिरॅक्टिन किंचित आम्ल पाण्यात टिकतं आणि क्षारयुक्त पाण्यात लवकर विघटित होतं. आपल्याकडे उन्हाळ्यानंतर बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ आणि जड असतं. शक्य असेल तर पावसाचं, तळ्याचं नाहीतर विहिरीचं गोडं पाणी वापरावं. साबणही मापातच घालावा, कारण तोही क्षारच आहे. केमिस्ट्रीच्या लॅबमधला पीएच पेपर घरी नेऊन एकदा विहिरीचं आणि बोअरचं पाणी तपासून बघा.

५) थोडा हिशोब

आपण इंजिनिअरिंगवाले, आकड्याशिवाय समाधान नाही. दुकानात निंबोळीची औषधं ३००, १५०० आणि १०,००० पीपीएम अशी मिळतात. हा आकडा बाटलीतल्या ॲझाडिरॅक्टिनचा. १५०० पीपीएमचं औषध लिटरला ५ मिली घातलं तर फवाऱ्यात किती आलं?

१५०० × ५ ÷ १००० = ७.५ पीपीएम.

३०० पीपीएमचं घेतलं तर त्याच मापाने फक्त १.५ पीपीएम. म्हणजे स्वस्त बाटली बघून घेतली आणि माप तेच ठेवलं, तर औषध पाचपट पातळ झालं. 'नीमचं औषध घेतलं होतं, काही फरक नाही पडला' अशी तक्रार ऐकली की मी आधी बाटलीवरचा आकडा विचारतो.

आता घरच्या अर्काचा हिशोब. ५ किलो बियांत टरफल वजा जाता गर साधारण निम्मा, म्हणजे अडीच किलो. गरात ॲझाडिरॅक्टिन ०.३ टक्के धरू. झाडाप्रमाणे, मुलखाप्रमाणे हे कमी-जास्त होतं. अडीच किलोत ते ७.५ ग्रॅम झालं. सगळं पाण्यात उतरलं तर १०० लिटरला ७५ पीपीएम. सगळं उतरत नाही, अर्धंच उतरलं धरलं तरी ३५ च्या पुढे. म्हणजे चांगल्या बियांचा घरचा अर्क बाटलीपेक्षा कमजोर नाही. पण 'चांगल्या बियांचा' हा शब्द महत्त्वाचा आहे. जुन्या, भिजलेल्या, बुरसटलेल्या बियांत हा आकडा किती खाली जाईल याचा भरवसा नाही, आणि बाटलीवर निदान आकडा छापलेला असतो.

एकरी २०० लिटर पाणी धरलं तर १० किलो बी लागतं. एक मोठं झाड हंगामात ३० ते ५० किलो फळं देतं. गर-सालीचं वजन गेलं, काही निंबोळ्या पाखरांनी नेल्या, काही पावसात सडल्या, तरी एका झाडात एका एकराची एक फवारणी नक्की निघते. केजहून अंबाजोगाईकडे जाताना रस्त्याने, बांधाने, देवळापुढे किती लिंब उभे आहेत ते मोजा. जूनमध्ये त्यांच्या निंबोळ्या पायाखाली तुडवल्या जातात, आणि ऑगस्टमध्ये आपण उधारीवर बाटल्या आणतो.

६) सीताफळ, दशपर्णी आणि एक इशारा

आपल्या जिल्ह्याची दुसरी वनस्पती म्हणजे सीताफळ. धारूरच्या डोंगरातलं सीताफळ सगळ्यांना माहीत आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्रही आहे. सीताफळाच्या बियांत ॲसिटोजेनिन गटाची रसायनं असतात. ती किड्याच्या पेशीत ऊर्जा तयार होण्याची साखळीच तोडतात. म्हणूनच बियांची पूड उवांवर लावायची जुनी रीत होती. पण ही पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते, दृष्टी जाण्यापर्यंत. तेव्हा घरी ती दळताना मुलं जवळ नकोत, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

दशपर्णी अर्क अनेक गावांत करतात. कडुलिंब, निर्गुडी, रुई, करंज, एरंड, सीताफळ, पपई, घाणेरी, गुळवेल, कण्हेर अशा दहा झाडांचा पाला, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेण, गोमूत्र आणि पाणी घालून महिनाभर सावलीत कुजवतात. रोज ढवळतात. वास असा की शेजारी भांडायला येतो. शेतकऱ्यांचा अनुभव चांगला आहे. अडचण एवढीच की दहा पाल्यांत काय आणि किती उतरलं हे प्रत्येक पिंपात वेगळं. निंबोळी अर्काला ठरलेली कृती आहे, वेळ आहे, शिफारस आहे. म्हणून नवख्या माणसाने सुरुवात निंबोळीपासून करावी.

आता इशारा. 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' हे वाक्य खोटं आहे. कण्हेर विषारी आहे. तंबाखूचा काढा फवारणारे लोक आहेत, पण त्यातलं निकोटिन कातडीतूनही अंगात जातं. निकोटिन सल्फेट हे कीटकनाशक वापरायला आपल्या देशात बंदी आहे, ती उगीच नाही. लहान मुलांना निंबोळीचं तेल पाजल्याने विषबाधा झाल्याच्याही नोंदी आहेत. अर्क फवारतानासुद्धा तोंडाला रुमाल, हातात मोजे आणि वाऱ्याची दिशा या तीन गोष्टी सांभाळायच्या.

७) जिथे अर्क चालत नाही

एखाद्या गोष्टीची बाजू घेऊन लिहिताना तिची मर्यादा लपवली तर तो अभ्यास नाही, जाहिरात होते.

बीटी कापसाला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि हिरव्या बोंडअळीचा त्रास कापसावर बराच कमी झाला. २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं. पण गुलाबी बोंडअळीने हळूहळू दोन्हींना दाद देणं सोडलं. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने केलेलं नुकसान आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून आठवतं. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी आणि पिवळी सडकी कवडी. ही अळी अंड्यातून निघाली की लगेच पात्यात, फुलात नाहीतर बोंडात शिरते. आत गेलेल्या अळीपर्यंत निंबोळी अर्क पोचतच नाही. रासायनिक औषधही नीट पोचत नाही. तिथे अर्काचा उपयोग फक्त आधी, पाते-फुलं लागायच्या वेळेस, अंडी घालायला अडथळा म्हणून. त्याच्या जोडीला कामगंध सापळे, डोमकळ्या वेचून नष्ट करणं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डिसेंबरनंतर फरदड न ठेवता पऱ्हाटी उपटून टाकणं. फरदडीचे चार पैसे मिळतात खरे, पण त्याच पऱ्हाटीत पुढच्या वर्षीची अळी सांभाळली जाते.

तसंच, शेतात मोठ्या अळ्या भरपूर झाल्या असतील आणि नुकसान आर्थिक पातळीच्या वर गेलं असेल, तर नुसत्या अर्कावर बसून राहणं म्हणजे पीक घालवणं. तिथे घाटेअळीवरचा विषाणू म्हणजे एचएएनपीव्ही, किंवा शिफारशीतलं रासायनिक औषध योग्य मापात घ्यावंच लागतं. अर्काने पहिल्या एक-दोन रासायनिक फवारण्या वाचतात. सगळ्या वाचतील असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मग एवढा खटाटोप एक-दोन फवारण्या वाचवण्यासाठी? हो. २०१७ च्या त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधं एकत्र केलेलं मिश्रण, अंगावर साधा सदरा आणि पाठीवर पंप. आपल्याकडे वेगळं चित्र आहे का? पंप पाठीवर घेणारा माणूस आपला बाप असतो, चुलता असतो, नाहीतर रोजाने आलेला गडी असतो. विषाची एक फवारणी कमी झाली तर पैशाआधी त्याच्या अंगात जाणारं विष कमी होतं. शिवाय सुरुवातीची विषारी फवारणी टळली की ट्रायकोग्रामा, ढालकिडे, क्रायसोपा हे आपले फुकटचे राखणदार शेतात टिकतात.

८) हे ज्ञान कोणाचं?

कडुलिंबाच्या तेलाने बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीवर १९९४ मध्ये युरोपात अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीला पेटंट मिळालं होतं. डॉ. वंदना शिवा आणि युरोपातल्या सहकाऱ्यांनी त्याला आव्हान दिलं. त्या सुनावणीत आपल्या पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५-८६ मध्येच शेतावर झालेल्या चाचण्यांचा पुरावा मांडला गेला. मे २००० मध्ये पेटंट रद्द झालं आणि मार्च २००५ मध्ये कंपनीचं अपीलही फेटाळलं गेलं.

यातून मी एक धडा घेतो. 'आमच्या आजीला माहीत होतं' एवढ्यावर जग थांबत नाही. कोणत्या शेतात, कोणत्या तारखेला, किती मापाने केलं, हे लिहून ठेवलेलं असलं की ते उपयोगी पडतं. आपल्या घरचे लोक करतात खूप, लिहीत काहीच नाहीत. ते लिहिण्याचं काम आपलं.

९) आपण काय करू शकतो?

मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आपण दरवर्षी तेच तेच विषय फिरवतो. काही विषय सुचवतो, कोणीही घ्यावेत :

– निंबोळीचा गर काढणारं हाताने फिरवायचं यंत्र. बायका तासन् तास पाण्यात हाताने चोळतात, त्यांचं काम वाचेल.

– टरफल फोडून गर वेगळा करणारं लहान यंत्र. गराचाच अर्क केला तर वजन आणि गाळ दोन्ही कमी होईल.

– इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी : सापळ्यात आलेले पतंग मोजून मोबाईलवर आकडा पाठवणारं सर्किट. अर्काचं सगळं यश वेळेवर आहे, आणि वेळ या आकड्यावर आहे.

– केमिकलवाल्यांसाठी : वेगवेगळ्या पाण्यात, वेगवेगळ्या पीएचला अर्क किती तास टिकतो याची मोजणी. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या किंवा अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना भेटून विषय नीट ठरवता येईल.

आणि ज्यांना प्रोजेक्ट करायचा नाही त्यांच्यासाठी सोपं काम. जूनमध्ये घरी गेलात की एक पोतं निंबोळ्या वेचा, नीट वाळवा, बांधून न ठेवता पसरून ठेवा. पिकाला फुलं लागली आणि सापळ्यात पतंग वाढले की अर्क करा. पण सगळ्या शेतावर मारू नका. चार ओळी अर्काच्या, चार ओळी तशाच ठेवा. आठ दिवसांनी दोन्हींकडची दहा-दहा झाडं बघून पोखरलेली पाती मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. वडिलांना मोजायला सोबत घ्या. आमच्या अण्णांना माझ्या बोलण्याने काही पटलं नव्हतं. दोन ओळींतला फरक त्यांनी स्वतः मोजला तेव्हा पटलं. आता जून लागला की निंबोळ्या वेचायची आठवण तेच मला फोनवर करतात.